मसाला चुलीवर, मरळ पाण्यात

मला मासे धरण्यातलं काही कळत नाही, पण मासे धरणाऱ्यांतलं सगळं कळतं. आर्णीत आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. कापूस विकून झालेला आणि पेरणी लांब, अशा दिवसांत दुकानात बसून नुसत्या माश्या मारायच्या. त्यापेक्षा मासे मारलेले बरे, असं म्हणून आमचे हे उन्हाळ्यात दर रविवारी दुकानाला कुलूप लावतात आणि अरुणावतीची वाट धरतात.

सोबत यांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं गॅरेज आहे, सगळं गाव त्याला मिस्त्रीच म्हणतं. जीप त्याची. मागच्या बाकावर त्याची बायको, म्हणजे आमची भाभी, मी, आमची एकुलती एक लेक, भाकरीचं पीठ आणि मसाल्याचा डबा. उन्हाळ्यात नदी वाहायची थांबते, खडकांच्या मधेमधे डोह उरतात. त्यातल्या एका डोहाला सावली चांगली आहे. तिथं हे दोघं गळ टाकून बसतात आणि आम्ही बायका चूल मांडून गप्पा मारतो. मासा मिळाला तर कालवण, नाही मिळाला तर त्याच मसाल्यात बटाटे. खरं सांगायचं तर बटाटेच जास्त वेळा.

या मंडळींचा एक रिवाज आहे. निसटलेल्या माशाचं माप ज्याच्या हातून तो निसटला त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी मुकाट मानायचं. कोणी शंका काढली तर त्यानं पुढच्या रविवारी येऊ नये. या रिवाजामुळे आमच्या डोहातली मरळ फार वाढली. यांच्या गळाला ती पहिल्यांदा लागून निसटली तेव्हा दोन हात होती. मग मिस्त्रीच्या हातून निसटली आणि अडीच झाली. या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती पुन्हा यांना हुलकावणी देऊन गेली, तेव्हा तीन हात भरली. मी एकदा म्हटलं, “अहो, एवढी मरळ मावंल का डोहात?” तर मिस्त्री गंभीरपणे म्हणाला, “वहिनी, थे वाकडी होऊन बसते.”

याच उन्हाळ्यात लेकीनं एका मुलाचं नाव काढलं. मुलगा ढाणकीचा. यवतमाळला बी.एड.ला दोघं एकत्र होते. आता तो पार दक्षिणेत, निलगिरीच्या डोंगरात एका निवासी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि लग्नानंतर हीसुद्धा तिथंच नोकरी बघणार. लेकीनं मला आधीच सांगून टाकलं होतं, “आई, बाबा नाही म्हणाले तर मी पळून जाणार नाही. पण मग दुसरं स्थळही दाखवू नका मला.” ती बोलते कमी, पण बोललेलं मोडत नाही. त्यात ती कोणावर गेली आहे हे मला घरात रोज दिसतं.

यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. “पोरगा चांगला असंल,” म्हणाले, “पण माणूस पारखायचा तर नदीवर. सुट्टीवर आला हाय ना? येऊ दे चार रविवार. मंग सांगतो.”

आला तो. सडपातळ, हसरा, आणि हातात एक लांबलचक लवचीक काठी. तिला चकतीसारखं रीळ, त्यावर पिवळी जाड दोरी आणि दोरीच्या टोकाला पिसांची केलेली खोटी माशी. तिकडच्या थंड ओढ्यांत असेच मासे धरतात म्हणे. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. दोरी डोक्यावरून मागं-पुढं झुलवायची आणि ती माशी पाण्यावर अलगद उतरवायची. आमच्या दोघांनी गळ बाजूला ठेवले आणि ते बघत बसले. पहिल्याच फेकीत माशी मागच्या बाभळीत अडकली.

“बाभूळ लागली बा गळाले,” मिस्त्री म्हणाला. “आता वढ.”

पोरगा सगळ्यांच्या आधी हसला. मला तो तिथंच आवडला होता, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मिस्त्रीनं ते रीळ खोलून बघितलं, पुसलं, तेल घातलं आणि पुन्हा जोडलं. मग त्याला दिसलं की मासा अडकून राहावा म्हणून गळाला जी उलटी आकडी असते, ती पोरानं घासून काढलेली आहे. “हे तं बिना ब्रेकची गाडी झाली,” तो म्हणाला. पोरानं काहीतरी समजावलं, पण तेवढ्यात भाभीनं कलिंगड कापलं आणि कोणी ऐकलं नाही. तिसऱ्या रविवारी यांनी स्वतः ती काठी हातात घेऊन पाहिली. दोरी यांच्याच गळ्याभोवती गुंडाळली गेली. लेक सोडवायला गेली तर म्हणाले, “राहू दे, मले येते,” आणि दहा मिनिटं तसेच उभे राहिले. घरी येताना मात्र पोराबद्दल अवाक्षर नाही. लेक जीपमध्ये बाहेर बघत बसायची आणि मी तिच्याकडे बघत बसायची.

चौथा रविवार आला. यांनी सांगितलेला शेवटचा. लेकीनं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पोरगा काठी घेऊन एकटाच खडकांच्या पलीकडे गेला, जिथून तो आम्हाला दिसत नव्हता. भाभीनं खोबरं, खसखस भाजून पाट्यावर वाटली होती. मसाला परतायला घेतला, तेल सुटायला लागलं, वास डोहापर्यंत गेला. आणि पोरगा परत आला. कोपरापर्यंत ओला, चेहरा फुललेला.

“काका, मरळ लागली होती,” तो म्हणाला. “तुमचीच असणार. हातात घेतली, बघितली आणि सोडून दिली.”

मसाला चुरचुरत होता. 

“सोडली?” मिस्त्रीनं विचारलं. “मसाला तयार हाय, अन् मरळ सोडली? काहून बा?”

“तिकडे आम्ही धरतो आणि सोडतो. सवयच झाली.”

“मंग धरता कायले?”

पोरानं खरोखर विचार केला. “ते मलाही नीट सांगता येणार नाही,” तो म्हणाला. मग, न विचारता, त्यानं पुढचं सांगितलं, “सुंदर होती पण. दीड हात भरली असेल.”

मिस्त्रीनं यांच्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं. इतक्या वर्षांची तीन हात मरळ एका वाक्यात अर्धी झाली होती. लेक उठून त्याच्याजवळ गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, पण मला ऐकू आलंच, “सटकली म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?” तो गोंधळून म्हणाला, “पण सटकली नव्हती ना.” तिचा चेहरा असा उतरला की मला त्या पोराच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. अरे, एवढं शिकलास, एवढं कळू नये?

भाभीनं बटाटे चिरून मसाल्यात सोडले. आम्ही जेवायला बसलो. हे भाकरी कुस्करत होते, वर बघत नव्हते. अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी विचारलं, “तिथं कोणी होतं?”

“नाही काका.”

“मंग सटकली म्हणाला असता तरी आम्ही मानलं असतं. आमच्यात तसा रिवाजच हाय.”

“हिनं सांगितला मला तो रिवाज,” पोरगा म्हणाला. मग जीभ चावून, “म्हणजे, तुमच्या लेकीनं.”

“अन् दीड हातच होती?”

“दीडच होती काका.”

“मलेही तसंच वाटत होतं,” हे म्हणाले.

मिस्त्रीला इतका ठसका लागला की भाभीनं त्याच्या पाठीवर थापा मारल्या. हेही हसले, आधी गालात, मग खदखदून. मी यांना असं हसताना फार दिवसांनी बघितलं. पाणी पिऊन, तोंड पुसून हे मला म्हणाले, “ज्याले नदीवर खोटं बोलता येत नाही, थो घरात काय बोलंल? पोराच्या मायबापाले निरोप दे. पुढच्या आठवड्यात आपण ढाणकीले येऊन राह्यलो म्हणा.” लेकीच्या हातातली पळी पातेल्यात पडली. भाभीनं तिला जवळ ओढलं. मला रडू आलं, आणि ते मी धुरावर अजिबात ढकललं नाही. पोरगा तेवढा तोंडातला घास गिळायचं विसरून बसला होता. मग त्यानं तीन भाकरी खाल्ल्या.

आता सगळेच मोकळे झाले होते. यांनी त्याच्या ताटात आणखी रस्सा ओतला आणि म्हणाले, “आता या डोहावर येत जा बरं. आम्ही इथंच असतो.”

“येत जाऊ ना बाबा,” लेक म्हणाली. तिचा आनंद तिच्यात मावत नव्हता. “दर उन्हाळ्यात येत जाऊ.”

“उन्हाळ्यातच?” यांनी विचारलं.

 इतके दिवस लेक रोज संध्याकाळी दुकानात यांना चहा नेऊन द्यायची, हे बहुधा तिला तेव्हाच आठवलं. मी पोराकडे बघितलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, छे काका, दिवाळीला येऊ, पोळ्याला येऊ, मनात आलं की येऊ. एवढं एक खोटं त्यानं बोलावं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली.

“मोठी सुट्टी तेव्हाच असते, काका.”

“बरं,” हे म्हणाले, आणि ताटातला बटाटा उगीच बोटानं फोडत राहिले.