युरिया न पडलेली बाजू

"ताई, ती मका आज गाईंना टाकू नका."

मी फोन केला तेव्हा सुमनताई विळा घेऊन बांधावर पोचल्या होत्या. कोपरगाव तालुक्यातलं त्यांचं शेत. मका लावली होती मुरघासासाठी, म्हणजे कुट्टी करून, हवाबंद दाबून आंबवायच्या चाऱ्यासाठी. पण पाण्याचा ताण पडला, गोठ्यातला चारा संपत आला, म्हणून हिरवीच कापायला निघाल्या.

"मग गाईंना काय तुमचं व्हॉट्सॲप टाकू?"

लागलं. कारण मी डेअरीचा फिल्ड ऑफिसर, आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवरचा मेसेज माझाच होता : मका गुडघ्याला आली की एकरी एक गोणी युरिया. कोंबडखत कुणी टाकलंय, हे विचारलं नव्हतं. सुमनताईंना तर विचारायचीही गरज नव्हती. त्यांच्या शेतात ते पसरताना मी समोर उभा होतो. आमच्याकडे कोंबडखत 'जमिनीसाठी' धरतात आणि युरिया 'डोस' म्हणून. हिशोबात दोन्ही एकत्र येतच नाहीत. खरं तर कोंबडखतातलं बरंचसं नत्र त्याच पिकाला मिळतं. वर युरिया पडला आणि पाणी तुटलं, की जास्तीचं नत्र नायट्रेट होऊन मक्याच्या ताटाच्या बुडाशी साठतं. ते पोटात गेलेली गाय काही तासांत गुदमरून मरू शकते.

डेअरीतल्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही कशाला पुढे होता? उन्हाने झालं म्हणायचं."

"मेसेज माझा आहे, सर."

"मग निस्तरा तुम्हीच."

डेअरीच्या डॉक्टर मॅडमना घेऊन गेलो. त्यांनी ताट उभं चिरलं, बुडाशी तपासणीचे थेंब टाकले. लगेच गडद निळं. म्हणजे नायट्रेट भरपूर. मी ताईंना विचारलं, "युरिया सगळीकडे टाकला?"

"न्हाई. गोणी सरली. विहिरीकडची बाजू तशीच हाय."

तिकडची बरीच ताटं चिरली. रंग जेमतेम आला. उंचीला ती मका तसूभरही कमी नव्हती.

तिथेच बोललो. "ताई, चूक माझी. कोंबडखत बघूनही मेसेज पाठवला."

"व्हय, रुमाल लावून उभं हुता की. नाकाला कळलं, डोक्याला न्हाई."

विहिरीकडची मका उरल्यासुरल्या कडब्यात मिसळून थोडी थोडी टाकली. मी गोठ्यातून हललो नाही. संध्याकाळी ताई म्हणाल्या, "गाई रवंथ कराया लागल्या. तुमीच तेवढं उपाशी. जावा आता घरी."

दुसरी बाजू बुडखा उंच सोडून कापली आणि मुरघास केला. आंबताना नायट्रेट बरंच उतरतं. तरी दीड महिन्याने उघडल्यावर तपासूनच गाईंना टाकला. या वेळी थेंब फिकेच राहिले.

ग्रुपवर 'आधीचा सल्ला चुकीचा होता' असं माझ्या नावाने टाकलं. साहेबांनीही ते पाहिलं. आता युरियाचं नाव काढण्याआधी मी शेतात फेरी मारतो. रुमाल गाडीतच ठेवतो.