उस्तादांचा शेंदूर

गाडी बंद पडलेला माणूस उस्तादांकडे हात जोडूनच यायचा. उस्ताद त्याचे जोडलेले हात आपल्या काळ्या, तेलकट हातांनी धरायचे आणि सोडवायचे. "हात नको जोडू. पाह्य." मग त्याला बॉनेटखाली वाकायला लावायचे. त्या काळी यवतमाळात कोणाच्या मनगटांवर ग्रीसचे डाग दिसले, की तो उस्तादांकडून आला हे लोक ओळखत. माझे डाग तर निघतच नसत, कारण माझी गाडी सतत बंद पडे.

माझी म्हणजे सेठजींची. सेठजींची कापसाची जिनिंग गिरणी होती, आणि त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घेतलेली लांबलचक मोटार मी चालवायचो. आमच्या बंजारा तांड्यात आजोबांपर्यंत सगळ्यांनी बैलांच्या पाठीवर माल वाहिला. स्टेअरिंग धरणारा मी पहिला. उस्तादांना हे कळलं त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं आणि तांड्याच्या म्होरक्याला म्हणतात तसं मला 'नायक' म्हणायला लागले.

"नायक, तुह्या आज्यानं बैल हाकले. तू मोटारीलेही बैलच समजून राह्यला. गेअर टाकतो का शेपूट पिरगाळतो?"

मीही ऐकून घेणारा नव्हतो. "उस्ताद, तुमाले तर गाडी चालवताच येत नाई!"

"म्हनून तर तिचं रडनं ऐकू येते मले."

हे मात्र खरं होतं. उस्ताद स्वतः कायम सायकलवर.

पूजेच्या सामानाच्या दुकानात नवा नोकर लागला की त्याची गंमत व्हायची. टोपी घातलेले, पांढऱ्या दाढीचे उस्ताद येऊन शेंदराची पुडी मागायचे. नोकर मालकाकडे बघायचा. मालक म्हणायचा, "दे, दे. त्यांच्या देवाले दात असते."

तो शेंदूर ते तेलात कालवून गेअरच्या दातांना लावायचे आणि हाताने चाकं फिरवायचे. जोडी एकमेकांचीच असेल, तर समोरच्या दातांवर मधोमध भरघोस लाल ठसा उमटे. नसेल, तर नुसती काठावर रेघ. "सोयरीक जुळली का नाई, ते शेंदूर सांगते," असं म्हणत गिऱ्हाइकाला जवळ ओढायचे. गिऱ्हाईक बिचारं घाईत असे, पण पाहिल्याशिवाय सुटका नव्हती.

एका हिवाळ्यात सेठजींचे मेहुणे मोटार बाहेरगावी घेऊन गेले आणि गेअरबॉक्स नवा करून आणला. सगळं असली सामान टाकलं, असं त्यांनी बैठकीत चारचौघांना ऐकवलं. तेव्हापासून दुसऱ्या गेअरात मोटार विव्हळायची. मी सेठजींना सांगितलं, तर म्हणाले, "तुझाच हात जड हाय."

आणि एक दिवस बोरी अरब गावाच्या अलीकडे, चढावर, आतून कडाड आवाज झाला. कापसाच्या ट्रकला दोर बांधून मोटार उस्तादांच्या शेडपुढे आणली. खबर लागून सेठजी आणि मेहुणे आधीच येऊन बसले होते. गेअरबॉक्स उघडायच्या आतच मेहुण्यांनी निकाल दिला, "ड्रायव्हरनं तोडला."

गेअर तोडणारा, हा शिक्का एकदा बसला की जिल्ह्यात कोणी चावी हातात देत नसे. तांड्यावर परत जाऊन मी काय तोंड दाखवणार होतो? मी उस्तादांपुढे हात जोडले. त्यांनी ते सोडवले. मग पाना उचलला.

ताडपत्रीवर एकेक भाग मांडला गेला. बघे जमले. उस्तादांनी तुटक्या दातांचा गेअर उचलला, त्याचा जोडीदार उचलला, दोन्ही उन्हात धरून फिरवले. मग शेंदराची वाटी मागवली. ज्या दातांना धक्का लागला नव्हता, ते रंगवून दोन्ही चाकं एकमेकांवर फिरवली. काठावर लाल रेघ. पुढच्या दातावर रेघ. सगळीकडे रेघच.

"सेठ, पाह्य. हा गेअर तुमच्या मोटारचा. आन हा ट्रकचा. दात मोजायले सारखेच हायत, म्हनून बसला. पन दातांची तिरप येगळी. सारा जोर काठावर आला, अन् काठ तुटला."

मेहुणे उसळले. "जुन्या गाडीचं सामान भेटते कुठं? चालली ना इतके दिवस!"

"चालली. वरडत चालली."

सेठजी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "उस्ताद, ड्रायव्हरनं तोडला एवढंच म्हना. शेड कोनाच्या जागेवर हाय, ते ध्यानात ठेवा."

ते शेड जिनिंगच्या भिंतीला टेकून उभं होतं. उस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून उठले. हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही.

"जागा तुमची हाय, सेठ. डोळे माह्ये हायत!" मग बघ्यांकडे वळले. "हा नायक गाडी वाईटच चालवते. मी रोज शिव्या देतो याले. पन हे दात यानं नाई तोडले. हे मी मशिदीत सांगन, बाजारात सांगन, जिनिंगच्या फाटकावर उभा राहून सांगन!"

मला रडू आलं. आणि खरं सांगतो, 'वाईटच चालवते' याचा रागही आला.

सेठजींनी शेड काढायला सांगायची वाट उस्तादांनी बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी सामान बैलगाडीत भरून ते दारव्हा रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली गेले. मी नोकरी सोडून गाडी भरायला हजर होतो. तो तुटका, लाल दातांचा गेअर त्यांनी सेठजींना परत दिला नाही. तारेनं निंबाच्या खोडाला बांधला. "हाच माहा बोर्ड."

मला ट्रकवर काम त्यांनीच लावून दिलं. माझ्यासमोर मालकाला म्हणाले, "गेअर वाईट टाकते, पन तोडत नाई." पुढे सेठजींची मोटारही झक मारत निंबाखाली आली. उस्तादांनी तिला भाजीच्या ट्रकमागे उभी केली. "लाईन हाय, सेठ." पावसाळ्यात ताडपत्री गळायची, उन्हाळ्यात लोखंडी पाने हातात धरवत नसत, पण त्या भिंतीला ते पुन्हा टेकले नाहीत. शेवटी आजारी पडले तेव्हाही खाट निंबाखालीच आणवली होती.

ते गेल्यावर बराच काळ माझा ट्रक दुसऱ्या रस्त्याने जात होता. पुढे एकदा दुपारी निंबाजवळ थांबलो. गेअर तिथेच होता, पण त्यावर शेंदराचे थरावर थर चढले होते. दात दिसेनात. खाली नारळ, फुलं, विझलेली उदबत्ती. एक म्हातारी डोळे मिटून हात जोडून उभी होती.

मी ट्रकमधून पेचकस आणला आणि शेंदूर खरवडायला लागलो.

"अरे लेका, देवाले काय करून राह्यला?" म्हातारी ओरडली.

मी थांबलो नाही. तुटका काठ उघडा पडेपर्यंत खरवडलं. मग तेलकट हातांनी तिचे जोडलेले हात धरले आणि हळूच सोडवले.

"हात नको जोडू, माय. पाह्य."