गप्प माणसांची नर्स

सनाचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी गॅसवरच्या दुधापाशी उभी होते. "मावशी, अम्मी गेली... सकाळची नमाज झाली, खुर्चीत टेकली, आणि..." कधी, कशी, जवळ कोण होतं, असलं काहीबाही मी विचारत राहिले आणि दूध उतू जाऊन गॅस विझला. दफन दुपारीच होतं. नाशिकहून निघून दापोलीला तोवर पोचणं शक्य नव्हतं. फोन ठेवला, आणि खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, लाज वाटली. सुरैयाताईंची, सनाच्या अम्मीची, मला एकदा माफी मागायची होती. भेटले की मागू, या वेळी नको, सणाचा दिवस आहे, पुढच्या वेळी मागू, असं करत वर्षं गेली होती.

आम्ही सौदीत अल-खोबरला राहत होतो तेव्हाची ही ओळख. माझे यजमान, मिलिंद, अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर इंजिनिअर. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आणि चौथ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट एका हॉस्पिटलनं आपल्या नर्सेससाठी घेतलेले. लिफ्टमध्ये मी फोनवर बहिणीशी तावातावानं भांडत होते. फोन बंद केल्यावर शेजारची अबाया घातलेली उंच बाई म्हणाली, "वहिनी, थांबलात कशाला? मराठीतलं भांडण ऐकून किती वर्षं झाली मला!" त्या दापोलीच्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी सना आजीजवळ वाढत होती. सौदीत येऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती आणि वृद्धांच्या वॉर्डाच्या त्या प्रमुख नर्स होत्या. आणि वयाच्या पंचेचाळिशीत त्या शिकत होत्या. परदेशातल्या एका विद्यापीठातून ऑनलाइन डॉक्टरेट, विषय म्हाताऱ्या माणसांच्या अचानक गंभीर होणाऱ्या आजारातलं नर्सिंग. शनिवारी दुपारी चारला त्यांचा वर्ग असे. त्या वेळी त्यांच्या दारावर टकटक करायची नाही, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. त्यांच्यासोबत राहणारी केरळची लिसी हसून म्हणायची, "दीदी, ऑनलाइन डिग्री को यहाँ कौन पूछता है?" ते खरंच होतं. तिथं त्या पदवीनं बढती मिळणार नव्हती. सुरैयाताई म्हणायच्या, "मला कुठं कुणाला दाखवायची आहे? मला एक कोडं सुटत नाहीये, तेवढं सुटलं म्हणजे झालं."

ते कोडं काय, हे मला कळलं ते माझ्या सासूबाईंमुळे. आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. बोलका स्वभाव, दिवसभर काही ना काही चालू. एका आठवड्यात त्या हळूहळू गप्प झाल्या. जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की झोपायच्या. मला, आता कबूल करायला हरकत नाही, बरंच वाटलं. घरात शांतता होती. त्या दिवशी दुपारी सुरैयाताई वाटी परत करायला आल्या आणि आईंपाशी जमिनीवरच बसल्या. "काकी, आठवड्याचे वार उलटे म्हणून दाखवा बघू. रविवार, शनिवार..." आईंनी हसून मान डोलावली. "रविवार," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "दोरीवरचे कपडे आत घ्या, दादा येतील." दादा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

सुरैयाताई उठल्या. त्यांचा चेहराच बदलला होता. "वहिनी, या शांत नाहीत. आजारी आहेत. आत्ता निघायचं."

मिलिंद प्लांटच्या आत, तिथं मोबाइल न्यायला बंदी. बायकांना तेव्हा गाडी चालवायची परवानगी नव्हती. अॅम्ब्युलन्सला फोन लावला तर पत्ता समजावण्यातच वेळ चालला. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची वेळ, दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर टॅक्सी नाही. आईंना अबाया चढवून आम्ही दोघी त्यांना धरून खाली उभ्या राहिलो. ऊन तोंडावर भाजत होतं आणि आई माझ्या खांद्यावर जड होत चालल्या होत्या. शेवटी सुरैयाताई सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. एका पठाण ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला आणि शिव्या द्यायला काच खाली केली, त्याच क्षणी यांनी मागचं दार उघडलं होतं. "भाईजान, माँ है हमारी. यल्ला, जल्दी!" तो बिचारा शिव्या विसरून निघाला.

इमर्जन्सीतला तरुण डॉक्टर सभ्य होता. त्यानं आईंना इंग्रजीत तीन-चार प्रश्न विचारले, आईंनी प्रत्येकाला हसून मान डोलावली. तो म्हणाला, वय झालंय, उन्हाचा थकवा आहे, घरी नेऊन पाणी पाजा. "डॉक्टर," सुरैयाताई म्हणाल्या, "त्यांना विचारा, तुम्ही विमान चालवता का?" तो गोंधळला. "विचारा तर." त्यानं विचारलं. आईंनी हसून मान डोलावली... त्यानं पुन्हा घरी न्या म्हटलं नाही. रक्त घेतलं, लघवी तपासली. जंतुसंसर्ग होता, आणि रक्तातलं सोडियम इतकं उतरलेलं की अजून थोडा उशीर झाला असता तर झटके आले असते, असं त्यानंच मला संध्याकाळी सांगितलं. पाचव्या दिवशी आईंनी डोळे उघडून मला विचारलं, "तू केस का नाही विंचरलेस?" मी तिथंच, त्या पलंगाची दांडी धरून रडले.

हेच सुरैयाताईंचं कोडं होतं. म्हातारी माणसं आजारात गोंधळतात. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात, पण जो नुसता गप्प होतो, त्याच्या कागदावर नर्स लिहिते, 'शांत, सहकार्य करतात.' एकदा कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून बसलो असताना त्यांनी मला सांगितलं, की त्यांनीही ते लिहिलं होतं. अल-हसाकडचा एक म्हातारा खजूरवाला त्यांच्या वॉर्डात होता. यांचं अरबी हॉस्पिटलपुरतं... कुठं दुखतं, पाणी हवं का, औषध घ्या. त्याला विचारलं की तो मान हलवायचा. दोन दिवस यांनी स्वतःच्या हातानं 'शांत' लिहिलं. तिसऱ्या दिवशी नूरा नावाची नवी सौदी नर्स ड्युटीवर आली. ती त्याच भागातली. दोन मिनिटं त्याच्याशी बोलली आणि धावत यांच्याकडे आली. "सिस्टर, तो मला सांगतोय की भावाला विहिरीतून वर काढा. गेले दोन दिवस तो सगळ्यांना हेच सांगतोय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय... उशीर झाला होता." त्या म्हणाल्या. "माणूस मदत मागत होता, वहिनी. मी त्याच्या उशाशी उभी राहून 'सहकार्य करतात' लिहीत होते."

त्यांच्या प्रबंधाचा विषय तोच झाला. हॉस्पिटलची परवानगी काढून त्यांनी वॉर्डातले जुने कागद काढले, एकेक रुग्ण तपासला. आणि जे निघालं, ते त्यांना स्वतःलाच नको होतं. ज्या पाळीत म्हाताऱ्याची बोली जाणणारी नर्स होती, तिथं हा गोंधळ लवकर ओळखला गेला होता. बाकीच्या पाळ्यांमध्ये, म्हणजे लिसीच्या, फिलिपिनो मुलींच्या आणि खुद्द यांच्या, तो निसटत होता.

ही गोष्ट कुठल्या दिवसांत घडत होती, ते सांगायला हवं. तेव्हा सौदीकरणाचा जोर होता. प्रत्येक कंपनीत, हॉस्पिटलात स्थानिक माणसं वाढवायची, बाहेरची कमी करायची. दर महिन्याला कुठल्यातरी ऑफिसात काढायच्या माणसांची यादी लागायची. लोक एकमेकांना नमस्कार करण्याआधी विचारायचे, "तुमचं रिन्यू झालं?" नूरालाही सुरैयाताईंच्या हाताखाली दिली होती ती त्यांची जागा घ्यायला शिकावी म्हणूनच, हे कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. आणि अशात ही बाई स्वतःच्या सहीनं लिहिणार होती, की म्हाताऱ्यांच्या उशाशी त्यांच्या भाषेचं माणूस हवं!

चौथ्या मजल्यावर स्फोट झाला. लिसी, जी यांना दीदी दीदी करत असायची, ती जिन्यात सगळ्यांदेखत ओरडली, "ये काग़ज़ ऊपर गया तो सबसे पहले हम लोग जाएँगे! मेरे दो बच्चे हैं, दीदी!" त्यानंतर त्या फ्लॅटमध्ये यांच्याशी कुणी बोलेना. यांचं ताट वेगळं, बोलणं बंद, या स्वयंपाकघरात आल्या की बाकीच्या बाहेर. सुरैयाताई खाली माझ्याकडे येऊन बसू लागल्या. मला वाटतं, एका तरी माणसानं 'बरोबर करताय' म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा असावी.

मी म्हटलं नाही. त्याच आठवड्यात मिलिंदच्या विभागाची यादी लागणार असल्याची कुणकुण होती. घरात आम्ही दोघं एकमेकांवर खेकसत होतो. मी त्यांना म्हणाले, "ताई, नका लिहू. निदान वर्षभर थांबा. एवढ्या बायकांच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला काय मिळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तुमच्या सासूबाई मला कळल्या, कारण त्या मराठीत बोलल्या. इंग्रजीत त्यांनी नुसती मान डोलावली. त्या डॉक्टरनं त्यांना घरी पाठवलं असतं, वहिनी. तो वाईट नव्हता, त्याला ऐकूच आलं नव्हतं. प्रत्येक म्हाताऱ्याला कुणीतरी ऐकू येणारं नको का?"

"तो प्रसंग वेगळा," मी म्हणाले. "तो काढून मला गप्प करू नका." असं म्हणाले मी. त्या उठल्या, चहा तसाच ठेवून गेल्या. तीन आठवडे आम्ही बोललो नाही. लिफ्टमध्ये भेटलो तर दोघीही मजल्यांचे आकडे बघायचो.

मग एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात सुरैयाताई, हातात लॅपटॉप, अंगावर इस्त्रीचा पांढरा सलवार-कमीज. "वहिनी, आज तोंडी परीक्षा आहे. चार वाजता. वर... वर आवाज असतो. दोन तास खोली मिळेल?" मी बाजूला झाले. घड्याळात साडेतीन वाजले होते. मी पंखा बंद केला, आवाज नको म्हणून फ्रिजसुद्धा बंद केला, आणि दाराबाहेर पॅसेजमध्ये जमिनीवर बसून राहिले.

पहिला तासभर त्या ठाम बोलत होत्या. मग एका परीक्षकबाईंनी विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, की या निष्कर्षाचा तुमच्या स्वतःच्या नोकरीवर काय परिणाम होईल? मी उठून दाराला हात लावला. तेवढ्यात त्यांचा आवाज आला. त्यांनी सांगितलं, की बाहेरच्या नर्सेसना काढा असं मी कुठंही म्हटलेलं नाही. प्रत्येक पाळीत एक अनुभवी आणि एक बोली जाणणारी, अशी जोडी हवी, असं मी लिहिलंय. "पण कुठलं अर्धं वाचलं जाईल, ते मला माहीत आहे. बहुतेक मी जाईन. त्यानं निष्कर्ष बदलत नाही." थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर झाले," आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. तेव्हाच मी माफी मागायला हवी होती. मी पाणी आणायला गेले.

झालं त्यांच्या अंदाजाप्रमाणेच. त्यांचा करार वाढवला नाही, जागा नूराला मिळाली. पण पुढे नूरानंच हट्ट धरून जोडीची पद्धत वॉर्डात आणली आणि तिच्या जोडीला अनुभवी नर्स म्हणून लिसी राहिली. आम्ही तिथून निघालो त्यानंतरही ती होती. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, परत देऊन सुरैयाताई फायनल एक्झिटवर, कायमच्या निघाल्या, त्या दिवशी त्यांची जड बॅग लिसीनं चार मजले जिन्यावरून उतरवली. लिफ्ट चालू होती. वर्षभरात मिलिंदचंही नाव यादीत आलं आणि आम्ही नाशिकला परतलो. फोन होत राहिले, सणासुदीला, सनाच्या लग्नाला. तो विषय मात्र मी काढला नाही, आणि त्यांनीही कधी काढला नाही.

गेल्या आठवड्यात मी दापोलीला जाऊन आले. सनानं मला पडवीलगतची खोली दाखवली. गावी आल्यापासून ताई तिथं आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना भेटत. लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत, आणि मी नर्स आहे हे त्या प्रत्येकाला न कंटाळता सांगत. खोलीत फार काही नव्हतं. एक टेबल, आणि समोरासमोर दोन लाकडी खुर्च्या, इतक्या जवळ की बसणाऱ्यांचे गुडघे टेकावेत. "कमी ऐकू येणाऱ्यांसाठी," सना म्हणाली. आम्ही तिथं उभ्याच होतो, तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आत आली. आमच्याकडे तिनं बघितलंही नाही. सवयीनं आपल्या खुर्चीत बसली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. सना माझ्या कानाशी म्हणाली, "अम्मीच्या मातीच्या दिवशी घरी आली होती ही. विसरते. परवाही आली होती." अम्मी आता नाही, हे सांगायला ती पुढे होणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला.

मी जाऊन त्या दुसऱ्या खुर्चीत बसले. आमचे गुडघे टेकले. म्हातारीनं माझा चेहरा नीट न्याहाळला, मी सुरैयाताई नाही हे तिला कळलं असावं, पण ती उठली नाही. "बकरी पिलाला पाजत नाय गो," ती म्हणाली, आणि सुरुवातीपासून सांगू लागली.