कट्टरतेची लक्षणं आणि सुके बोंबील

माझी नातवंडं मला भोळी समजतात. समजू देत. त्यांच्या बापाला मी एकदा दहशतवादी ठरवायला निघाले होते, हे त्यांना अजून ठाऊक नाही.

तेव्हा मी पालघरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे आणि तरुण मुलं कट्टर संघटनांकडे कशी ओढली जातात यावर संशोधन करायचे. म्हणजे जाडजूड पुस्तकं आणून त्यातली धोक्याची लक्षणं पाठ करायचे. नवरा ड्युटीवरून आला की भाजी वाढता वाढता त्यालाही ऐकवायचे. बिचारा मुकाट जेवायचा.

एका उन्हाळ्यात ती सगळी लक्षणं आमच्या बोईसरच्या घरातच दिसू लागली. कॉलेजात जाणारा मुलगा रविवारी गायब. आला की थेट न्हाणीघरात. जेवायला नको. तोंडात सदा बडीशेप. कुठे होतास म्हटलं की, "नाय, इथंच." हे 'नाय' आमच्या देशावरच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. नवा मित्र, नवी भाषा, घरच्या अन्नाचा तिटकारा. मला तर पुस्तकातलं पानच घरात हिंडताना दिसायला लागलं.

संशोधनात मदत करणारे एक पोलीस अधिकारी होते. एका रविवारी मी त्यांना फोन करून नाव दिलं. मुलाचं नव्हे, समुद्राकाठच्या दांडी गावातल्या त्याच्या नव्या मित्राचं. शास्त्र तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं. "उद्या माणूस पाठवतो," ते म्हणाले.

मग पुरावा डोळ्यांनी पाहावा म्हणून रिक्षा करून दांडीला गेले. मित्राच्या ओटीवर आमचे चिरंजीव मांडी घालून बसलेले. ताटात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घराण्याचा कुलदीपक. मला पाहून त्याचा हात तोंडाशीच थांबला.

मित्राची आई म्हणाली, "बस, बाय. तुमी नाय खात, ठावं हाय मला. चाय तरी घे. आनि पोराला बोलू नको, जेवू दे."

मित्र पाणी घेऊन आला. "काकू, मीच बोलावतो त्याला. त्याचा काय दोष नाय."

उद्या याच्याच दारात पोलीस उभे राहणार होते. चहा अर्धा ठेवून मी तडक पालघरला त्या अधिकाऱ्यांचं ऑफिस गाठलं.

"चूक झाली," मी अधिकाऱ्यांना म्हटलं. "तो मुलगा तसा नाही."

"मग संशय कशाचा होता, मॅडम?"

"बोंबलाचा."

सगळं ऐकून ते इतके हसले की शेजारच्या खोलीतले दोघे डोकावले. "मॅडम, यांनाही सांगा." मी सांगितलं. बडीशेपेचा भाग जरा वाढवूनच सांगितला. त्या पोराचं नाव त्यांच्या डोक्यात राहायचंच असेल, तर या हसण्यासकट राहू दे.

"मग माणूस पाठवायचा की नाही?"

"पाठवलात तर रिकामा डबा देऊन पाठवा."

"राहू दे मग," अधिकारी डोळे पुसत म्हणाले.

मी बाहेर आले आणि पायऱ्यांवरच बसले.