पेत्राकुपाचा बदली नवरदेव

अगात्सिओची लग्नं बरीच झाली होती, पण घरात बायको नव्हती. तो सकाळी चौकातल्या कारंज्यावर पाणी भरायला आला की बायकांपैकी कुणीतरी विचारायचीच, "काय कोम्पारे, तुमच्या बायका कशा आहेत? मेलबर्नची थोरली काय म्हणते?"

तो घागर सरळ धरत म्हणायचा, "थोरलीला मुलगा झाला. माझ्यावर गेला नाही म्हणे. सुटलो."

पेत्राकुपा गावात रक्ताचं नातं नसलेल्या पण घरच्यासारख्या माणसाला कोम्पारे म्हणत. त्या हिशेबाने अगात्सिओ साऱ्या गावाचा कोम्पारे होता. त्याचा धंदा खोगिरं करायचा. गाढवाच्या पाठीवरून हात फिरवून तो माप घेई, राय धान्याचं काड ठासून भरी आणि वर कातडं शिवी. युद्ध संपल्यावर गावातले पुरुष बाहेर पडू लागले, तेव्हा तोही धाकट्या भावाबरोबर निघाला होता. नेपल्सला डॉक्टरने दोघांच्या छातीचे फोटो काढले. अगात्सिओच्या फोटोत घेवड्याच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. लहानपणच्या दुखण्याची ती खूण, पुढे तिने त्याला कधी त्रास दिला नाही. पण भाऊ ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसला आणि अगात्सिओ परतीच्या बसमध्ये.

पुढे भावाचं लग्न गावातल्याच मुलीशी ठरलं. तिकडून लग्नापुरतं येणं कुणाला परवडत नव्हतं. नवरा वकिलातीतून मुखत्यारपत्र पाठवी आणि चर्चमध्ये त्याच्या जागी दुसरा पुरुष उभा राही. भावासाठी अगात्सिओ उभा राहिला. पुढे ज्यांचे भाऊही निघून गेले होते, तेही त्यालाच विचारू लागले. गावात तरणे पुरुष उरले होते ते दोनच कारणांनी: कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, नाहीतर कुणाची छाती.

काम सोपं होतं. पाद्री इलारिओ विचारत, तेव्हा नवऱ्याचं नाव घेऊन "त्याच्या वतीने, हो" म्हणायचं. अंगठी घालायची. जेवणाला नवरीशेजारी बसायचं आणि साखरेतल्या बदामांची पुरचुंडी घेऊन घरी एकट्याने यायचं. मग फोटोवाला अगात्सिओच्या धडावर नवऱ्याचं डोकं चिकटवायचा. त्यामुळे त्याचा एकुलता एक काळा सूट टोरोंटोपासून अॅडलेडपर्यंत भिंतींवर लटकत होता, प्रत्येक वेळी वेगळ्या चेहऱ्याखाली.

पंचावन्न साली वितालियानोच्या मुलीचं, सेराफिनाचं, ठरलं.

सेराफिनाने तिशी गाठली होती. ती ओढ्याकाठी झुडपांचा वाख काढून त्याचं जाडंभरडं कापड विणायची आणि गाढवावर लादून आजूबाजूच्या गावांत विकायची. ते गाढव पाठीने वाकडं होतं. खोगीर सारखं एका बाजूला घसरायचं, आणि ती सारखी दुकानात यायची. खरं तर अगात्सिओला ते एकदाच नीट करता आलं असतं. त्याने केलं नाही. दर वेळी थोडंसंच काड भरायचा.

"तुम्हाला कामच येत नाही," ती म्हणायची.

"गाढव बदल."

"गाढव चांगलं आहे. कारागीर बदलायला हवा."

एवढंच त्यांचं बोलणं. त्यात काही आहे असं गावाला वाटलं नव्हतं, आणि गावाच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे.

नवरा होता रोसारिओ. वरच्या आळीतला, ऑस्ट्रेलियात ऊस तोडणारा. वितालियानोला जावयापेक्षा त्याच्या पत्त्याशी मतलब होता. सेराफिना तिथे पोहोचली की रोसारिओ तिच्या दोन्ही भावांना बोलावून घेणार होता. तिथून कुणी आपलं माणूस म्हणून बोलावल्याशिवाय कागद होत नसत. पोरीच्या मागून पोरं निघतील, असा बापाचा बेत होता.

वितालियानो दुकानाच्या दारात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "रविवारी दहाला. सूट झटकून ठेव."

"बरं," अगात्सिओ म्हणाला. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. वितालियानो वळणापलीकडे गेला तरी त्याची सुई कातड्यात अर्धीच अडकलेली होती.

शुक्रवारी सेराफिना आली. या वेळी गाढव बरोबर नव्हतं.

"रविवारी तुम्ही उभे राहणार म्हणे."

"तुझ्या वडिलांनी सांगितलं."

"तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा कोण आहे गावात?"

अगात्सिओने विचार केला. "लंगडा पेप्पे आहे."

"त्याला ऐकू येत नाही. पाद्री एक विचारील आणि तो भलतंच सांगेल." तिला हसू येत होतं, पण तिने ते दाबलं. "तुम्ही नाही म्हणालात तर अडेल सगळं."

"मग मी नाही म्हणतो."

"का?"

अगात्सिओ खाली बघत टाके मोजल्यासारखं करू लागला.

"कोम्पारे, नाही म्हणून काय होतं?" ती म्हणाली. "आठवडाभर अडेल. मग वडील खालच्या गावातून कुणालातरी आणतील. नाही म्हणणं म्हणजे मागणं नव्हे. आजवर इतक्या जणींना हो म्हणालात, ते सगळं दुसऱ्याच्या नावावर. तुम्हाला स्वतःला काही हवं असलं तर ते मी ओळखायचं का?"

"माझ्या छातीवर डाग आहे."

"ते गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. मी छातीचं विचारलं का?"

आणि ती निघून गेली.

त्याच संध्याकाळी अगात्सिओ कातड्याचा एप्रन तसाच अंगावर ठेवून चढ चढला. छातीशी एप्रनला सुई टोचलेली होती, तिच्यात दोराही होता. वितालियानोचं घर जेवायला बसलं होतं: बाप, आई, दोन्ही भाऊ, सेराफिना. पातेल्यात घेवड्याचं कालवण.

"ये, बस," वितालियानो म्हणाला. "वेळ विसरलास का? दहाला."

"मी सेराफिनाला मागणी घालायला आलो आहे."

"हो, पण रविवारी. आज कशाला?" वितालियानोने ब्रेड मोडला. "पाद्रीने नवी पद्धत काढली काय? आधी घरी येऊन मागायचं? कुणाच्या वतीने, रोसारिओच्या?"

"माझ्या."

थोरला भाऊ निकोदेमो हसला. मग आपण एकटेच हसतोय हे त्याच्या लक्षात आलं.

वितालियानो ओरडला नाही. त्याने चमचा खाली ठेवला. "अगात्सिओ, तू वाईट माणूस नाहीस. पण रोसारिओ या दोघांना बोलावून घेणार आहे. तू यांना कुठे बोलावणार? दुकानात?"

"दुकानात एकाची जागा आहे," अगात्सिओ म्हणाला, आणि आपण मूर्खासारखं बोललो हे त्याला कळलं.

"गाढवं विकली जातायत," निकोदेमो म्हणाला. "खोगीर कुणावर घालशील, आमच्यावर?"

"नको तिथे जीभ चालवू नकोस," आई म्हणाली.

"त्याने मागितलं, मी नाही म्हणालो. संपलं," वितालियानो म्हणाला.

"त्याने मला मागितलं," सेराफिना म्हणाली. "हो की नाही ते मी सांगणार."

"आणि भाऊ?"

ती भावांकडे वळली. धाकटा ताटातच बघत होता. "मी गेले असते," ती म्हणाली. "आज दुपारपर्यंत जाणारच होते. यांच्यासाठीच. पण मला मागणारं कुणी नव्हतं म्हणून जाणं सोपं होतं. आता सोपं राहिलं नाही. मी इथेच राहते."

मुखत्यारपत्र पाद्री इलारिओंनी परत पाठवलं. ऑस्ट्रेलियाहून रोसारिओच्या बहिणीने सेराफिनाच्या आईला जे लिहिलं, ते आईने कुणाला वाचून दाखवलं नाही. लग्न हिवाळ्यात झालं. वितालियानो आला नाही. आई आली, मागच्या बाकावर बसली आणि जेवायला न थांबता गेली. कारंज्यावरच्या बायकांना आता अगात्सिओला काय विचारावं ते सुचेना. काही दिवस त्या नुसत्या बाजूला होऊन त्याला जागा करून देत.

निकोदेमोने बहिणीशी बोलणं सोडलं. रस्त्यात ती समोरून आली तर तो पलीकडच्या भिंतीला घासून जायचा. दोन वर्षांनी जर्मनीचा रस्ता गावालाही खुला झाला. ओतकामाच्या कारखान्यांना माणसं हवी होती आणि त्याला कुणी नातलगाने बोलवायची गरज नव्हती. दोघा भावांची नावं पहिल्याच गटात लागली.

बस चौकातून सुटायची होती. सेराफिना पोटुशी होती, तरी आली. अगात्सिओने धाकट्याची पेटी टपावर चढवून दोरीने आवळली. धाकट्याने त्याला मिठी मारली. निकोदेमो आधीच आत बसला होता. इंजिन सुरू झाल्यावर त्याने काच खाली केली.

"तू गेली असतीस तर आज मी उसाच्या शेतात असतो," तो बहिणीला म्हणाला. "उघड्या हवेत. आता भट्टीपुढे मरायचं."

"तिथे ऊस जाळून मग तोडतात," ती म्हणाली. "हात तिकडेही काळेच झाले असते."

"ते मी ठरवलं असतं."

"हो," सेराफिना म्हणाली. "ते तू ठरवलं असतंस."

तिने खिडकीतून एक पुरचुंडी आत त्याच्या मांडीवर सोडली. ब्रेड आणि वाळवलेले अंजीर. निकोदेमोने ती हातात घेतली नाही, पण मांडीवरून खालीही टाकली नाही. बस हलली. वळणावर धाकट्याचा हात बाहेर दिसत होता. निकोदेमोचा दिसला नाही.

सेराफिना बस डोंगराआड जाईपर्यंत उभी राहिली. मग तिने वडिलांच्या घराकडे बघितलं. दार बंद होतं, पण धुराड्यातून धूर निघत होता. लग्नानंतर पहिल्यांदाच ती तिकडे निघाली. अगात्सिओ चौकातच थांबला, कारण त्या घरी तिने एकटीनेच जाणं बरं होतं.