दिव्यांखालचा बर्फ

कॉलेजच्या गिर्यारोहण क्लबमधली माझी डोंबिवलीची मैत्रीण गेल्या हिवाळ्यात काश्मीरला स्कीइंग शिकायला गेली होती. एका संध्याकाळी तिने व्हिडिओ पाठवला. उतारावर उंच खांब, त्यांवर मोठे दिवे, आणि त्या उजेडात ती घसरत येतेय. दिवे अनेक, म्हणून सावल्याही तीन-चार. खाली येताना ती धपकन पडली आणि पडल्या पडल्या हसत सुटली.

ते पडणं मी पुन्हा पुन्हा पाहिलं. खोटं कशाला लिहू, मला तेवढंच आवडलं होतं. मग तिला बदामाचं चिन्ह पाठवलं.

मम्मी मागून डोकावली. "अगं बाई, रात्रीची? दिसतं तरी का?"

"दिवे लावलेत ना."

"किती धीट पोरगी! आणि तिची आई बघ, एवढ्या लांब सोडलं."

हे मला झोंबलं. पप्पा नुकतेच खोपटच्या डेपोतून आले होते. ते तिथे एसटीच्या गाड्या दुरुस्त करतात. टॉवेलला हात पुसत त्यांनीही व्हिडिओ पाहिला. म्हणाले, "तुला नाही का नेलं कोणी?"

मी म्हटलं, "क्लबच्या यादीत माझंही नाव होतं."

"मग?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं. म्हणून मीच क्लबच्या सरांना सांगितलं, येत नाही."

मम्मी हसली. "म्हणजे आमच्या वतीने तूच नाही म्हणालीस? भारी काम करतेस गं!"

पप्पा हसले नाहीत. "आणि हिला काय सांगितलंस?" त्यांनी मोबाइलकडे बोट दाखवलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "घरचे सोडत नाहीत, असं."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "कदाचित नाहीच म्हटलं असतं मी. भीती वाटली असती. पण ते माझं मी म्हटलं असतं ना?"

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. घरच्यांना काय झेपेल, काय नाही, हे मीच परस्पर ठरवत आले होते, आणि त्याला समजूतदारपणा म्हणत होते. इतके दिवस तिचा हेवा करताना मनातल्या मनात राग मात्र या दोघांवर काढत होते. आता तो काढायला जागाच उरली नाही. हेवा तेवढा राहिला.

जेवणं झाल्यावर मी तिला लिहिलं, "घरच्यांनी अडवलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. तुझा खूप हेवा वाटतोय."

पाठवायच्या आधी "खूप" खोडलं. मग परत लिहिलं, आणि पाठवून पप्पांना दाखवलं.