तीन बिट सरकलेला आवाज

आधीच सांगतो, भूत-भानामती असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. बौद्ध घरात वाढलो, भंडाऱ्याला पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. हे लिहितोय ते फक्त संतापापोटी.

बाबा गेले तेव्हा मी आमच्या गावी, करडीला पोहोचलो नाही. प्रज्ञाताई, माझी मोठी बहीण, त्यांच्याजवळ होती. मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर तिने मला विचारलं, "येतो म्हणून फोनवर बोललास ना? मंग आला काहून नाही?"

मी चक्रावलो. बाबा गेले त्या दुपारी मी परीक्षेच्या ड्युटीवर होतो... फोन बंद करून ऑफिसच्या कपाटात जमा. फोन आलाच नव्हता!

"खोटं नोको बोलू," ती म्हणाली. "बाबानं आपल्या कानानं आयकलं."

पाच वर्षं आमचं बोलणं बंद. नातेवाइकांत मी 'बापाला फसवणारा' झालो. शेवटी माझंच डोकं फिरलं. ताईच्या जुन्या मोबाईलमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा, पण तो धानाच्या बांधीतल्या चिखलात पडून मेला होता. मी भाच्याकडून त्याचं मेमरी कार्ड मागवलं. तिला खोटं पाडायचंच होतं मला!

रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला काही सापडलं नाही. रेकॉर्डिंगची प्रत्येक फाईल शून्य-एकच्या एका ठरलेल्या ओळीने सुरू होते. यातलं प्रत्येक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट. सॉफ्टवेअर ती ओळ आठ-आठ बिटांच्या डब्याच्या तोंडाशीच शोधतं, अधेमधे बघत नाही. मग मी स्वतःच प्रोग्राम लिहिला — एकेक बिट पुढे सरकत सगळं कार्ड तपासणारा. रविवारी सकाळी लावला, दुपारी जेवताना स्क्रीनवर एक ओळ आली.

एकच फाईल. डब्याच्या तोंडापासून तीन बिट सरकलेली. कार्डावर असं लिहिलं जातच नाही... तरी होती. बिट मागे सरकवून ती वाजवली.

ताईचा आवाज : "बाबा तुलेच विचारून राहिले रे. ये लवकर."

आणि मग माझा. अगदी माझाच, बोलण्याआधी घसा खाकरण्यासकट. "निघालोच ताई. बाबांना दे."

मग बाबा, धाप लागलेले. "घाई नोको करू बापू. सावकाश ये. मी हावो."

"हो बाबा."

ताट तसंच टाकून उठलो. आधी कॉलेजात जाऊन, रखवालदाराकडून ऑफिस उघडून घेऊन त्या दिवसाचं रजिस्टर काढलं. सकाळी फोन जमा केल्याची नोंद, संध्याकाळी परत घेतल्याची, दोन्हींपुढे माझ्याच सह्या. मग करडी गाठली. ताईला फाईल ऐकवली, रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला. ती रडली नाही, माझ्यासारखीच भडकली.

"आता तरी कबूल कर!"

"मी नव्हतो ताई, ही सही बघ!"

तिने फोटो दोनदा पाहिला. मग म्हणाली, "मंग बाबा कोणाशी बोलले?"

फाईल ओळखीच्या दोन तज्ज्ञांनी तपासली. छेडछाड नाही म्हणाले. तीन बिटांचं कोडं त्यांनाही सुटलं नाही. ताई आता बोलते माझ्याशी, पण त्या दुपारचा विषय आम्ही काढत नाही.

माझा राग मात्र तसाच आहे. कोणी बाबांना धीर दिला म्हणून आभार मानू, की माझ्या आवाजात त्यांना खोटी आशा लावली म्हणून शिव्या घालू? ताई सांगते, शेवटपर्यंत त्यांची नजर दारावरून हलली नाही.